रिकामी फिरलेली मोटर

आमच्या दुकानात येणारं माणूस बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन यायचं. "मिस्त्री, हे आमच्या लाइनवर चालंल असं करून द्या." वस्तू तेवढी बदलायची. कुणाची कडबाकुट्टी, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा उसाच्या रसाचा चरक. वस्तूला हवी एक वीज आणि घरात येते दुसरी, असा सगळा मामला. एक प्राध्यापक तर लेकीनं अमेरिकेहून पाठवलेलं शिलाई मशीन घेऊन आले होते. तिकडं घरात एकशे दहा-वीस व्होल्ट असतात, आपल्याकडं दोनशे तीस. त्यांनी घरी आणून सरळ प्लगमध्ये घातलं. मला म्हणाले, "चाललं नाही हो, नुसता वास आला." मी त्या मशीनची मोटर पुन्हा भरून दिली आणि सोबत वीज उतरवणारा लहानसा ट्रान्सफॉर्मरही गुंडाळून दिला. प्राध्यापकांच्या पत्नींनी त्यावर नातवंडांची झबली शिवली. प्राध्यापक मात्र नंतर कित्येक दिवस प्लगमध्ये काही घालायच्या आधी मला फोन करायचे, अगदी मोबाइलचा चार्जरसुद्धा.

जिंतूरला बसस्टँडच्या मागं चौतीस वर्षं मी मोटर वाइंडिंगचं दुकान चालवलं. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि गिऱ्हाईकाच्या समोर फिरवून दाखवायची. या अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मोटरी किती भरल्या ते आठवायला बसलो, तर हिशेब लागेना. एक मोटर मात्र डोळ्यांसमोरून हलेना. त्या मोटरीनं नऊ दिवस काहीही काम केलं नाही, नुसती रिकामी फिरली, आणि एका गावाला पाणी मिळालं. ती मोटर ज्यांची होती त्या बाईंबद्दल मला लिहायचं आहे.

त्याआधी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. व्होल्टेज म्हणजे विजेचा जोर. पाण्याची टाकी जितकी उंच तितकं नळाला पाणी जोरात, तसं. घरातल्या दिव्या-पंख्यांना दोनशे तीसचा जोर पुरतो. विहिरीवरच्या, गिरणीच्या मोठ्या मोटरींना चारशे पंधरा लागतो. दुसरी गोष्ट फेज. जुन्या काळी बायका एका उखळात कांडायच्या. एकटी कांडत असली की मुसळ खाली येतं, वर जातं, मधे खंड पडतो. तिघी एका उखळाभोवती उभ्या राहिल्या आणि पाळीपाळीनं मुसळ घातलं की खंड पडतच नाही, एकीचं वर असतं तोवर दुसरीचं खाली आलेलं असतं. थ्री फेज म्हणजे तिघींचं कांडण. घरातली वीज एकटीची. तिघींच्या तालावर चालणाऱ्या मोटरीला एकटीची वीज दिली तर ती जागच्या जागी गुरगुरते, फिरत नाही, आणि थोड्या वेळात जळते.

आता घडलं ते सांगतो.

चारठाण्याच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं वाचतील आणि ओळखतील. चार-पाच वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, एका दुपारी वावटळ आणि गारा आल्या आणि शेतीच्या थ्री फेज लाइनचे खांब एका ओळीनं आडवे झाले. गावातल्या घरांची दिव्यांची लाइन दुसऱ्या बाजूनं येते, एकटीची, म्हणजे सिंगल फेज. ती दुसऱ्या दिवशी चालू झाली. पण गावविहिरीवरचा पंप पडलेल्या लाइनवर होता. सगळ्या भागातच पडझड झालेली. वीज कंपनीची माणसं रात्रंदिवस राबत होती, तरी या गावाचा नंबर यायला आणखी आठ-दहा दिवस लागणार असं स्पष्ट झालं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नामदेव माझ्या दुकानात आला. नामदेव हा त्या गावचा वाटरमन. पंप चालू करणं, टाकी भरणं, गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणं हे त्याचं काम. बोलायला कमी माणूस. त्या दिवशी मात्र दारातूनच सुरू झाला.

"मिस्त्री, पंप लाइटीच्या लाइनवर चालवायचा. काही बी करा."

"पाच एचपीचा थ्री फेज पंप आहे नामदेव. घरच्या लाइनवर कसा चालंल? जळून जाईल."

"टँकर येतो एक, तो पुरत न्हाई. बाया शेतातल्या विहिरीवर जायल्यात, कठडा बी न्हाई तिला. काल माझी मालकीण पाय घसरून आत पडली." मग म्हणाला, "दोर व्हता म्हून वाचली. हात मोडलाय. आज दुसऱ्याच्या घरची कोणी पडंल, तिथं दोर आसंलच असं न्हाई."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून बसला, प्याला नाही.

एक इलाज मला माहीत होता. पूर्णेला मी ज्या उस्तादांकडं हे काम शिकलो त्यांनी तो मला तरुणपणी दाखवला होता. जोर वाढवणं सोपं आहे, माझ्याकडं दोनशे तीसचे चारशे पंधरा करणारा एक मोठा ट्रान्सफॉर्मर पडून होता. अडचण असते ती तालाची. त्यावर युक्ती अशी, की पंपाच्या दुप्पट ताकदीची एक थ्री फेज मोटर घ्यायची, तिचा पट्टा काढून टाकायचा, हातानं तिला फिरकी द्यायची आणि ती फिरत असताना तिला दोन तारांवर वीज द्यायची. एकदा गती घेतली की ती थांबत नाही. आणि तिच्या तिसऱ्या तारेवर, जिथं आपण काहीच दिलेलं नाही, तिथं आपोआप वीज उभी राहते, तिसऱ्या मुसळाच्या तालात. त्या तीन तारा पंपाला द्यायच्या. लहान मोटरींवर मी हे बऱ्याच वेळा केलंय. तरी त्या तिसऱ्या तारेला मीटर लावून काटा हलताना बघितला की आजही नवल वाटतं.

"दहा एचपीची मोटर लागंल," मी नामदेवला म्हणालो. "धडधाकट. आणि जळाली तर जबाबदारी आपली."

"गावात एकच हाय," नामदेव म्हणाला. "सुभद्रामावशीच्या गिरणीची."

हे नाव ऐकल्यावर मी आसपासच्या गावात दुसरी मोटर मिळते का ते आठवायला लागलो. कारण सांगायला हवं. त्याच्या काही वर्षं आधी सुभद्रामावशींची हीच मोटर माझ्याकडं भरायला आली होती. ऐन सणाचा सीझन, दुकानात मोटरींची रांग. वार्निश पाजल्यावर भट्टीत नीट वाळवायला जो वेळ द्यायला पाहिजे तो मी दिला नाही. मोटर वीस दिवसांत जळाली. मावशी टेंपोत मोटरीशेजारी बसून दुकानात आल्या. मला वाटलं आता भांडतील. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, चूक मोटरीची व्हती का तुमची, तेवढं खरं सांगा." मी खरं सांगितलं. "मग भरा परत," म्हणाल्या आणि दिवसभर दुकानात बाकड्यावर बसून माझा हात बघत राहिल्या. किती वेढे, कागद कुठं, गाठ कुठं, सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी भट्टीतून मोटर काढली तेव्हाही हजर. तेव्हापासून ती मोटर एकदाही बिघडली नव्हती. पण मला त्या गावी जायचं म्हटलं की थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

मी आधी वीज कंपनीच्या त्या भागातल्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. विचारल्याशिवाय असले उद्योग करू नयेत. रिकाम्या मोटरीतून उलटी वीज लाइनवर चढली तर खांबावरच्या माणसाचा जीव जातो. साहेब तरुण होते. त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पडलेल्या लाइनकडं जाणाऱ्या तारा पंपघरात आधी कापून वेगळ्या करा. माझा लाइनमन येऊन बघेल. त्यानं हो म्हटलं तरच."

ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, मीटर आणि हत्यारं घेऊन नामदेवसोबत मी दुपारपर्यंत गावात पोहोचलो.

सुभद्रामावशी तेव्हा साठीच्या आसपास. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. नवरा गेल्यावर दोन एकर वावर आणि ही गिरणी त्यांनी एकटीनं सांभाळली. लाइन नसल्यानं गिरणी बंद होती, त्या गिरणीचे दगड टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरखरीत करायला, उघडून बसल्या होत्या. केसांवर, पापण्यांवर पांढरी धूळ. माझं ऐकून घेता घेता छिन्नी चालूच होती.

"म्हणजे माझी मोटर तिकडं नेऊन नुसती फिरवायची? काहीच न दळता?"

"हो. तिनं काही ओढायचं नाही. फक्त फिरायचं. तिच्या फिरण्यातून तिसरा फेज तयार होतो."

"आन् जळली तर?"

मी म्हणालो, "जळली तर मी भरून देईन."

"ते तर तुमी द्यालच. मागं बी दिली." छिन्नी थांबली. "पर लाइन आली त्या दिवशी माझी मोटर तुमच्या भट्टीत आसंल. सगळं गाव पाणी पिऊन दुसऱ्या गावच्या गिरणीत दळण नेईल. गेलेलं गिऱ्हाईक माघारी येत न्हाई मिस्त्री. माझं पोट हाय ते."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. नामदेव दारात उभा होता. मावशींनी त्याच्याकडं बघितलं.

"पार्वतीचा हात कसा हाय रं?"

"पलस्तर घातलंय. दुखायलंय लय."

मावशी उठल्या, पदरानं तोंड पुसलं. "माझ्या दोन अटी हायेत. मोटर जिथं जाईल तिथं मी बसणार. आन् बंद करायचं बटण माझ्या हाताशी पायजे. मला वाटलं की मी बंद करणार. कामून म्हून कोणी इचारायचं न्हाई, तुमी बी न्हाई."

मी हो म्हणालो. चौतीस वर्षांत एवढी रास्त अट मला दुसऱ्या कोणी घातली नाही.

मोटर बैलगाडीतून पंपघरापाशी आली. दिव्यांच्या लाइनचा शेवटचा खांब विहिरीच्या जवळच होता, एका वेल्डिंगच्या दुकानासमोर. दुकान अंकुशचं. गावातली लोखंडी दारं, गेट तोच बनवायचा. खांबापासून पंपघरापर्यंत वीज न्यायला जाड केबल हवी होती. बारीक तारेतून नेली असती तर निम्मा जोर वाटेतच खर्च झाला असता. अंकुशकडं वेल्डिंगची जाड तांब्याची केबल होती. तो तयार होईना. शाळेच्या गेटचं काम अर्धवट होतं, केबल दिली तर मशीन बंद. शेवटी त्याच्याकडची जादा केबल त्यानं दिली आणि वरून बजावलं, "माझी मशीन मात्र चालू राहील."

लाइनमन आला. पडलेल्या लाइनच्या तारा आम्ही कापून, गुंडाळून, वर लाल कापड बांधून ठेवल्या. त्यानं स्वतः टेस्टर लावून बघितलं, अर्थिंग तपासलं आणि मान डोलावली.

पहिला प्रयत्न फसला. मोटरीला हातानं फिरकी दिली, मी बटण दाबलं, ती दोन फेरे फिरून गुरगुरत थांबली आणि खांबावरचा फ्यूज उडाला. सगळं गाव बंद. लाइनमननं फ्यूज बांधला. दुसऱ्यांदाही तेच. तोवर पंपघराभोवती पन्नासेक माणसं जमली होती आणि फ्यूज उडाला की मागून हसू यायचं.

"आमच्या गिरणीचं जुनं इंजिन दोरी वडून चालू करायचे," मावशी म्हणाल्या. "हातानं हिला जोर येत न्हाई. पुलीला दोर गुंडाळा."

मी उस्तादांकडं दोरच बघितला होता, आणि इथं हातानं ढकलत बसलो होतो. विहिरीचा सोल, म्हणजे जाड दोर, आणला, मोटरीच्या पुलीला आठ वेढे दिले. नामदेव आणि आणखी दोघं दोराच्या टोकाला. दोर सुटल्यावर पाठीवर आपटतील म्हणून मागं कडब्याच्या पेंढ्या टाकल्या.

"वढा!"

तिघं पळतच सुटले. दोर भिरभिरत निघाला, मोटरीनं गती धरली, मी बटण दाबलं. एक खोल हुंकार आला, समोरच्या घरातला पंखा क्षणभर मंदावला, मग हुंकाराचा सूर चढत चढत एका जागी स्थिर झाला. मोटर फिरत होती. मी तिसऱ्या तारेवर मीटर लावलं. चारशेच्या जवळ. एकेक कंडेन्सर जोडत तिन्ही तारा सारख्या करत आणल्या.

मावशींनी जमिनीवर बसकण मारून मोटरीच्या अंगावर तळहात ठेवला. गिरणीवाली माणसं अशीच मोटर पारखतात. "चालू द्या," म्हणाल्या.

नामदेवनं पंपात पाणी भरून हवा काढली आणि पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. मी विचारायच्या आधीच. बंद व्हॉल्व्हवर पंप हलका सुरू होतो, नंतर हळूहळू ओझं घालता येतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, वर्षानुवर्षं ऐकून ऐकून समजलं होतं. मी पंपाचा स्टार्टर दाबला. पंप सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नामदेवनं व्हॉल्व्ह उघडायला घेतला, थोडा उघडला, आणखी उघडला, आणि मान तिरकी करून उभा राहिला.

"पाणी चढंना. आवाज पोकळ हाय. उलटी फिरायलीय."

माझा विश्वास बसेना. खाली वाकून पंख्याच्या जाळीतून बघितलं. खरंच उलटी. तिघींची पाळी उलट्या क्रमानं लागली की मोटर उलटी फिरते, आणि आमच्या युक्तीत तो क्रम आपण दोर कुठल्या बाजूनं गुंडाळला यावर ठरतो. मी घाईत दोर उलट्या बाजूनं गुंडाळला होता. तीस-बत्तीस वर्षं मोटरी भरलेला मिस्त्री पन्नास माणसांसमोर ती चूक करून बसला, आणि वाटरमननं ती नुसत्या कानानं पकडली. पंपाच्या दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा सुरू केला. या वेळी व्हॉल्व्ह उघडताच पाइप थरथरला. नामदेवनं पाइपाला कान लावला आणि पहिल्यांदा हसला. "भरला," म्हणाला. पाच-सात मिनिटांनी टाकीवर चढलेल्या पोरानं ओरडून सांगितलं की पाणी पडायलंय. बाया घागरी घेऊन नळाकडं पळाल्या.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन असं की घरोघरी कूलर चालू. त्यात अंकुशनं वेल्डिंग सुरू केलं. गावाचा ट्रान्सफॉर्मर तो केवढा! माझ्या मीटरवर दोनशे तीसचे दोनशे झाले, मग एकशे नव्वद. अंकुशची ठिणगी पडली की काटा एकशे सत्तरवर यायचा. जोर कमी पडला की मोटर तेवढंच काम करायला जास्त वीज ओढते आणि तापते. रिकामी मोटर कण्हायला लागली. मी मनात म्हणत होतो, अजून दहा मिनिटं, टाकी अर्धी तरी होऊ दे.

मावशींनी बटण दाबलं. सगळं शांत झालं.

"आहो मावशी, पाणी आत्ताच चढायला लागलं होतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"हात ठेवून बघ हिच्यावर," मावशी म्हणाल्या. "ठेव. दहा आकडे मोजून दाखव."

कुणी पुढं आलं नाही. मी हात ठेवला, आणि पाच म्हणायच्या आत उचलला. मावशींच्या जागी मी असतो तर आणखी दहा मिनिटं चालवली असती. मोटर जळाली असती. कामाच्या भरात आम्ही मिस्त्री मोटरीचं ऐकत नाही, आमच्या इच्छेचं ऐकतो. मागं त्यांची मोटर जळाली तीही त्याच खोडीनं.

मावशी उठून आधी अंकुशकडं गेल्या. मीही मागं गेलो. तो काच तोंडावर धरून काम करत होता.

"आंकुश, गेट कुणाच्या शाळेचं हाय?"

"आपल्याच."

"शाळेत लेकरं पेत्यात का न्हाई पाणी? दोन तास मशीन बंद ठिव. सकाळी सात ते नऊ. मग दिवसभर कर तुझं काम."

"मावशी, सकाळच्या गारव्यातच काम व्हतं. दुपारी लोखंडाला हात लावता येत न्हाई. तुमाला काय माहीत?"

"मला माहीत न्हाई?" मावशींनी पदर सारून दोन्ही तळहात पुढं केले. दगडाला टाकी लावून लावून घट्टे पडलेले, आणि उजव्या तळहातावर मोटरीनं भाजलेला ताजा लाल डाग. "माझी गिरणी बंद हाय, माझी मोटर फुकट फिरायलीय, आन् मी हितं बसलेय. तू दोन तास बस."

अंकुशनं ते हात बघितले. मग त्यानं मशीनचा खटका खाली केला. "केबल बी ती बारीक पडंल," म्हणाला. "माझी चालू केबल त्याला जोडा, दोन्ही एका जागी. निम्मं तापंल." हे त्यानं सांगायच्या आधी मला सुचायला हवं होतं.

मग मावशी घरोघर गेल्या. देवळातल्या भोंग्यावरून सांगता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, "भोंग्याचं कोणी आयकत न्हाई. दारात माणूस उभं ऱ्हायलं की आयकावं लागतं." सकाळी सात ते नऊ कूलर, इस्त्री, हीटर बंद, एवढंच सांगणं. एका घरी आजारी म्हातारी होती. तिथल्या सुनेला मावशींनीच सांगितलं, तुमचा पंखा चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मीटरवर दोनशे अठ्ठावीस होते. दोर ओढला, या वेळी बरोबर बाजूनं, मोटर सुरात लागली. दोन तासांत टाकी भरली. मावशींचा हात पूर्ण वेळ मोटरीवर. मधे त्यांनी मला बोलावून विचारलं, "मिस्त्री, हिच्या तिसऱ्या तारंत आपण काही घालत न्हाई, मग तिथं कुठून येतं?" मी मला येईल तसं सांगितलं, आतल्या फिरत्या लोखंडाचं चुंबक होतं, ते तिसऱ्या गुंडाळीसमोरून जातं, म्हणून तिथं वीज जागी होते. मावशींनी फिरणाऱ्या पुलीकडं बोट केलं. "म्हणजे हिला दोघींचं मिळतं आन् तिसरीचं ही सोता उभं करती," म्हणाल्या. मी हा विषय ज्यांना ज्यांना समजावला, त्यातल्या कुणी एवढ्या थोडक्यात परत सांगितला नाही.

असं नऊ दिवस चाललं. पहिले दोन दिवस मी होतो. मग फक्त फोनवर. दोर नामदेव आणि अंकुश ओढायचे, मीटर अंकुश वाचायचा, निर्णय मावशींचा. कुणी शेतातल्या विहिरीवर गेलं नाही.

दहाव्या दिवशी लाइन आली. लाइनमनशी माझं आधीच ठरलं होतं, त्याप्रमाणे लाइन चालू व्हायच्या आधी आमची सगळी जोडणी निघाली. मोटर परत गिरणीत बसवायला मी स्वतः गेलो. उघडून बघितली. गुंडाळीवरचं वार्निश आहे तसं, कुठं काळा ठिपका नाही. मावशींनी पट्टा चढवला, दोन आठवड्यांपासून साठलेली दळणं ओळीनं लावलेली होती, आणि त्या कामाला लागल्या. माझ्याशी बोलायला त्यांना सवड नव्हती.

नंतर ग्रामसभेत सत्कार झाला. शाल-नारळ मला. मी भाषणात सुभद्रामावशींचं नाव घेतलं, नामदेवचं, अंकुशचं. टाळ्या पडल्या. पण शाल एकच आणलेली होती. ती मी तिथंच मावशींच्या खांद्यावर घालायला हवी होती. मनात आलं, आणि लोक काय म्हणतील म्हणून हात पुढं गेला नाही. त्या शेवटच्या रांगेत बायकांमध्ये बसल्या होत्या, सगळ्यांसारख्या टाळ्या वाजवत. शाल अजून माझ्या कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. असं एखादं काम राहून जातं, आणि ते पुन्हा करायची वेळ येत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मी दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं. गुडघे बसू देईनात. पुढच्या पावसाळ्यात लेकीकडं गेलो होतो तेव्हा सकाळी मावशींचा फोन आला. शेजारच्या वस्तीवर वाऱ्यानं खांब पडले होते, तिथला पाण्याचा पंप बंद. मी लगेच चष्मा शोधायला लागलो. म्हटलं, "थांबा मावशी, मी जिंतूरला फोन करतो, ट्रान्सफॉर्मर कुठं ठेवलाय ते..."

"ट्रान्सफॉर्मर आणला. तुमच्या दुकानातून परवाच."

"साहेबांना विचारलं का?"

"इचारलं. लाइनमन हाय हितंच."

"पडलेल्या लाइनच्या तारा?"

"कापल्या. लाल फडकं बांधलं."

"आणि दोर कुठल्या बाजूनं..."

"मिस्त्री," मावशी म्हणाल्या, "काल दोन तास चालला पंप. आज बी चालू हाय. वस्तीच्या बायांनी सकाळचे कूलर-बिलर सगळं बंद ठिवलं. मोटर माझीच नेली. नामदेव आन् आंकुश हायेत. मी तुमाला इचारायला न्हाई, सांगायला फोन केला."

मागं कुठंतरी तो हुंकार ऐकू येत होता, एका सुरात. मी म्हणालो, "चांगलं केलंत." त्यांनी लेकीची, जावयाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

बायकोनं विचारलं कुणाचा फोन. मी सांगितलं आणि म्हणालो, "दुकान मागंच दिलं. पण रिटायर आज झालो."